काजूची बी

वेंगुर्ल्याच्या बंदरापासून थोडे पुढे, जिथे खडक संपतो आणि वाळू सुरू होते, तिथे समुद्रातून एक केबल जमिनीवर येत असे. मनगटाएवढी जाड, काळी, वाहून आलेल्या दोरखंडासारखी निरुपद्रवी. एकविसावे शतक निम्म्यावर येत होते, आणि त्या केबलमधल्या काचेच्या तंतूंतून दक्षिण कोकणातल्या माणसांचे किती आयुष्य रोज देशाबाहेर जाते, याची कल्पना किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्यांना नव्हती. कुणाच्या हृदयाचे ठोके, कुणाच्या रक्तातली साखर, कुणाच्या लेकीने परदेशी विद्यापीठाकडे केलेला अर्ज. सगळे प्रकाश होऊन जायचे आणि प्रकाश होऊन परतायचे. केबल वर येई तिथे सरकारने एक बसकी इमारत बांधली होती. पाटीवर नाव होते 'सीमापार विदा तपासणी केंद्र'. गावाने त्याचा केव्हाच 'डेटानाका' करून टाकला होता.

या नाक्यावरचा एकमेव अधिकारी म्हणजे शार्दूल मांजरेकर. वय तिशीच्या आतले, अंगाने किडकिडीत, आणि बोलायची वेळ आली की नजर आधी स्वतःच्या चपलांकडे वळणार. रत्नागिरीहून त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या देसाई मॅडम पडद्यावर आल्या की पहिले वाक्य ठरलेले असे : "काय रे, पुढे वाघ, मागे मांजर, मधला माणूस आहे का जागेवर?" तो नुसता हसायचा. उत्तर त्याला सुचायचे, पण पडदा बंद झाल्यावर.

काम त्याला आवडे, कारण त्यात कुणाशी फारसे बोलावे लागत नसे. विदा कुणाची आहे, कोणत्या प्रकारची आहे, कोणत्या देशात चालली आहे आणि तिच्या मालकाची संमती आहे की नाही, एवढेच त्याने पाहायचे. आत काय आहे ते पाहायचे नाही. संध्याकाळी रस्त्याने जाताना घराघरांच्या खिडक्यांतला उजेड दिसावा आणि माणसे मात्र दिसू नयेत, तसे ते काम होते. आईवडिलांच्या बदल्यांपायी वसतिगृहांतच वाढलेल्या शार्दूलला जगाकडे असे बाहेरून पाहण्याची सवय होती.

तो कॅम्प भागात रेडकरांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. विश्रामकाका रेडकर एसटीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर स्टँडवरच्या खोलीत बसून त्यांनी ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारल्या होत्या, आणि परक्या माणसाशी बोलताना अजूनही त्यांच्या तोंडून तीच भाषा निघे. खोली दाखवताना त्यांनी शार्दूलला सांगितले होते, "पाणी सकाळच्या वेळेतच येते. राहणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी."

आणि रोहिणीकाकू. काजूच्या कारखान्यात गराची प्रतवारी करणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम होत्या, असे काका सांगत. शार्दूल इथे येण्याच्या आधीच पक्षाघाताने त्यांचा उजवा हात आणि वाचा एकदमच नेली होती. शार्दूलला ठाऊक होती ती खुर्चीत बसलेली, पांढऱ्या केसांची, डाव्या हाताने भाजी निवडणारी काकू. आणि तिच्या डाव्या कानामागच्या चकतीतून येणारा तो आवाज.

"आलास, शार्दूल? जेवलास का, बाळा?"

"हो काकू. जेवलो."

बहुतेक वेळा हे खोटे असे. खानावळीत अनोळखी माणसांसमोर बसून जेवणे त्याला जमत नसे. बिस्किटांवर त्याच्या कित्येक संध्याकाळी निभावून जात.

"छान. दमला असशील. थोडा वेळ बस ना माझ्याजवळ."

आवाज असे म्हणे, आणि त्याच क्षणी काकूंचे डोळे त्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या पोटाकडे आणि तिथून पुन्हा चेहऱ्याकडे जात. त्या नजरेचा अर्थ शार्दूलला लागत नसे. आवाज इतका स्वच्छ, इतका समंजस होता की नजरेचा अर्थ लावण्याची गरजच पडत नसे. तो बसायचा. हळूहळू बोलू लागायचा. वसतिगृहातल्या लांबलचक सुट्ट्यांविषयी, घरी न गेलेल्या दिवाळीविषयी, समुद्राविषयी. आवाज मधूनमधून म्हणे, "मला समजतंय," किंवा "तुला एकटं वाटलं असेल." जगात कुणाशीही तो इतके बोलला नव्हता. पायऱ्या चढून खोलीत जाताना त्याला वाटे, माणसाला आई असते म्हणजे बहुधा असेच काहीसे असते.

तो आवाज कसा बनत असे, हे शार्दूलला इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. काकूंच्या मेंदूत अर्थ शाबूत होता. अर्थाला ओठांपर्यंत आणणारा पूल तेवढा कोसळला होता. शस्त्रक्रियेने त्या कोसळलेल्या जागेभोवती केसाहून बारीक तंतूंची एक जाळी बसवलेली होती. बोलण्याचा हेतू मनात उमटला की मेंदूच्या पेशींमध्ये जी विजेची थरथर होते, ती ही जाळी टिपे आणि चकतीकडे धाडी. चकती त्या थरथरीचे शब्द करी आणि जुन्या लग्नसमारंभांच्या चित्रफितींतून पुन्हा घडवलेल्या काकूंच्याच आवाजात ते उच्चारी. पण मेंदू स्थिर नसतो. आज जी थरथर 'पाणी' या शब्दाची, ती काही आठवड्यांनी किंचित सरकलेली असते. भरती-ओहोटी वाळूवरच्या रेषा सरकवते तशी. म्हणून काकूंचे सगळे संकेत दररोज नॉर्वेला जात. तिथे बर्फाच्या पाण्याने गार ठेवलेल्या यंत्रघरात कंपनीचे एक विराट गणिती प्रारूप ते पुन्हा जुळवून घेई आणि दुसऱ्या दिवसापुरता ताजा अनुवाद परत पाठवी.

यात दोन गोष्टी होत्या, ज्या रुग्णाच्या नातेवाइकांना कुणी मुद्दाम समजावून सांगत नसे. पहिली ही, की संकेत क्षीण असेल तिथे प्रारूप अंदाजाने वाक्य पुरे करी. लाखो माणसांच्या बोलण्यावरून आणि घरच्यांनी सुरुवातीला दिलेल्या माहितीवरून, अशी व्यक्ती अशा वेळी साधारण काय म्हणेल, याचा तो अंदाज. दुसरी अधिक नाजूक. जाळीला बोलायचा शब्द आणि गिळायचा शब्द यांतला फरक कळत नसे. ओठांवर येता येता माणूस जे मागे घेतो, तेही थरथरतेच. चकती ते उच्चारत नसे, एवढेच. पण ते सारे केबलमधून नॉर्वेला जाई.

याच कारणाने काही वर्षांपूर्वी आलेल्या नव्या कायद्याने मेंदूच्या संकेतांना माहिती न मानता अवयवाचा दर्जा दिला होता. त्यांना नाव दिले होते चेताविदा. मूत्रपिंड जसे केवळ नवऱ्याच्या शब्दावर देशाबाहेर पाठवता येत नाही, तशी चेताविदाही पाठवता येत नव्हती. तिच्यासाठी निःसाधन संमती लागे. ज्या यंत्राकडे विदा जाणार, त्याच यंत्राच्या तोंडून आलेला होकार ग्राह्य नव्हता. विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाच्या वतीने 'घेतलं' म्हणण्यासारखे ते झाले असते. माणसाने स्वतः, यंत्र उतरवून, आपले म्हणणे सांगायला हवे होते. कायद्याआधी यंत्रातून दिलेल्या जुन्या संमत्यांची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. नाक्यावरच्या शार्दूलच्या पडद्यावर मुदत संपणाऱ्यांत एक नाव होते : रोहिणी विश्राम रेडकर.

त्याने काकांना सांगितले तेव्हा काका ओसरीवर चहा गाळत होते.

"त्यात अवघड काय आहे?" काका म्हणाले. "मी सांगतो ना. तिचा होकार आहे."

"तुमचा होकार चालत नाही, काका."

"म्हणजे? जनगणनेवाले आले, मी सांगितलं. मतदारयादीवाले आले, मी सांगितलं. डॉक्टरने विचारलं कुठे दुखतंय, तेही मीच सांगितलं. आजवर कुणी नाही म्हणालं नाही!"

"काकूंनी स्वतः सांगायला हवं. चकती काढून."

काकांच्या हातातली गाळणी थांबली. "चकती काढून ती बोलणार कशी? तेवढ्यासाठी तर चकती आहे."

खुर्चीतून आवाज आला, स्वच्छ आणि शांत. "माझी संमती आहे. तुम्ही उगाच काळजी करू नका. चहा घ्या, गार होईल."

"ऐकलंस?" काका विजयाने म्हणाले.

शार्दूलने काकूंकडे पाहिले. काकू काकांकडे पाहत नव्हत्या, चहाकडेही नाही. त्या डाव्या हाताने पदराचे टोक मुठीत धरून खिडकीबाहेरच्या काजूच्या झाडाकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी चकती हरवली. तासभर शोधाशोध झाल्यावर ती तांदळाच्या डब्यात सापडली. "हल्ली ही कुठेही ठेवते," काका शार्दूलला म्हणाले. "परवा पिठात होती. वय झालं, दुसरं काय." चकती पुसून त्यांनी हळुवारपणे, एखादे फूल माळावे तशी, काकूंच्या कानामागे लावली. चकती लागताच आवाज म्हणाला, "क्षमा करा. माझ्या लक्षात राहत नाही."

शार्दूल नाक्यावर आला आणि पहिल्यांदा त्याने देसाई मॅडमना आपणहून फोन लावला.

"मॅडम, हे प्रकरण मी करू नये. मी त्यांच्या घरी राहतो. त्यांच्याशी... माझं बोलणं असतं."

"तुझं? बोलणं?" मॅडम हसल्या, मग त्याचा चेहरा पाहून थांबल्या. "हे बघ. दुसरा माणूस पाठवेपर्यंत मुदत उलटेल आणि त्या बाईंची विदा आपोआप बंद होईल. ते त्यांच्यावर अन्याय होईल. तू घे सुनावणी. मी पडद्यावर साक्षीला बसते. नियम तुला पाठ आहे ना?"

नियम त्याला पाठ होता. पक्षाघाताच्या रुग्णांची मान कधीकधी होकार-नकारात घोटाळा करते, म्हणून प्रश्न तीनदा विचारायचा : एकदा सरळ, एकदा उलटा, आणि तिसऱ्यांदा माणसाला मोकळेपणी काहीही सांगू द्यायचे. पाठ केलेले उच्चार ग्राह्य नाहीत. अंक, वार, आरत्या, श्लोक हे मेंदूच्या दुसऱ्याच कोपऱ्यात राहतात. वाचा गेलेला माणूससुद्धा कधीकधी अख्खी आरती म्हणतो आणि त्यातला एक शब्द वेगळा काढून पाणी मागू शकत नाही. अशा उच्चारात इच्छा नसते, नुसती वहिवाट असते. आणि तिन्ही प्रश्नांतून काहीच निष्पन्न झाले नाही, तर अधिकाऱ्याने 'अनिर्णीत' असा शेरा द्यायचा. मग चालू व्यवस्था पुढे तशीच राहते.

"अनिर्णीत लिहायची वेळ आली तर संकोच करू नकोस," मॅडम म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसांचं तसंच होतं बहुतेक. मी सही करीन."

ही सूट ऐकून शार्दूलला जो दिलासा वाटला, त्याची त्याला लाज वाटली. कारण त्याने त्या दुपारी आणखी एक गोष्ट पाहिली होती. विदेत काय आहे हे त्याला दिसत नसे, पण तिच्यासोबत येणारा एक आकडा दिसे : उच्चारलेल्या वाक्यांत अंदाजाचा वाटा किती. सुरुवातीला तो थोडका होता. मग वाढत, वाढत, आता दहा शब्दांतले सात-आठ शब्द नॉर्वेचे होते. 'जेवलास का, बाळा' हे कुणाचे होते? 'तुला एकटं वाटलं असेल' हे कुणाचे? पडदा हे सांगत नव्हता, आणि शार्दूलला विचारण्याचे धाडस नव्हते.

सुनावणी रेडकरांच्या ओसरीवरच झाली. सकाळचे ऊन जमिनीवर पडले होते. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, काकूंना जरीकाठाची साडी नेसवली होती. पाहुणे यायचे असावेत तशी बशीत भाजलेले काजूगर मांडून ठेवले होते. भिंतीला टेकवलेल्या पडद्यावर देसाई मॅडम चष्मा पुसत होत्या. सकाळी सवयीने नाक्यावर निघालेल्या शार्दूलला आवाज म्हणाला होता, "डबा घेतलास का? सावकाश जा हं." आणि सुनावणी घरातच आहे हे दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

शार्दूलने स्वतः चकती काढली आणि टीपॉयवर ठेवली. तिची एरवी ध्यानातही न येणारी बारीक गुणगुण थांबली.

"काकू," तो म्हणाला. त्याची नजर चपलांकडे गेली; त्याने ती निग्रहाने वर आणली. "तुमच्या मेंदूतले संकेत रोज परदेशी जातात. बोललेलं जातं, आणि न बोललेलंही जातं. मनात आलेलं आणि तुम्ही गिळलेलंही. ते गेलं तर चकती बोलते. नाही गेलं तर बोलणार नाही. ते जावं, असं तुम्हाला वाटतं का?"

काकूंची मान हलली. नाही.

काका खुर्चीत पुढे सरकले. शार्दूलने हात करून त्यांना थांबवले आणि प्रश्न उलटा केला. "ते जाऊ नये, असं तुम्हाला वाटतं का?"

मान पुन्हा हलली. नाही.

"बघा," काका सुटकेने म्हणाले. "तिचा गोंधळ होतोय."

पडद्यावर मॅडमनी किंचित खांदे उडवले. दोन उत्तरे एकमेकांना छेदून गेली होती. शेऱ्याची जागा रिकामी होती आणि 'अनिर्णीत' हा शब्द तिथे आपला पाय ठेवून उभाच होता. शार्दूलला वाटले, आता तिसरा प्रश्न विचारायचा, काकू गप्प बसणार, आणि संध्याकाळी तो पायऱ्यांशी येईल तेव्हा आवाज विचारील, जेवलास का, बाळा? सगळे जिथल्या तिथे राहील.

"काकू, आता तुम्हाला जे सांगायचंय ते सांगा. काहीही."

काकूंचे ओठ हलले. गळ्याची शीर ताणली गेली. जवळजवळ रडण्याइतका प्रयत्न त्या चेहऱ्यावर साचला. आणि मग, शार्दूलने कधीही न ऐकलेल्या, घोगऱ्या, खाली बसलेल्या एका आवाजात, लयीत, शब्द आले :

"सगळ्या फळांची... बी पोटात... काजूची बी... बाहेर..."

काकांचा चेहरा उजळला. "उखाणा! अहो, हा तिचा उखाणा. लग्नात घेतलेला. दर हळदीकुंकवाला हाच घ्यायची. 'सगळ्या फळांची बी पोटात, काजूची बी बाहेर, विश्रामरावांच्या घरात विसरले मी माहेर!'" त्यांचे डोळे पाण्याने भरले. "आठवतंय तिला. बघा, आठवतंय."

मॅडम हळूच म्हणाल्या, "सुंदर आहे. पण पाठ केलेलं आहे, शार्दूल. धरता येणार नाही."

"थांबा," शार्दूल म्हणाला. वरिष्ठांना त्याने असे कधीच म्हटले नव्हते. कारण काकू थांबल्या नव्हत्या. त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला होता.

"सगळ्या फळांची बी पोटात," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी अडखळण्यात राग होता. "काजूची बी बाहेर. माझी..."

"विश्रामरावांच्या," काका पुटपुटले, शाळेच्या स्नेहसंमेलनात लेकराला विसरलेली ओळ सांगावी तसे. "विश्रामरावांच्या घरात..."

"माझी," काकू म्हणाल्या, "पोटात."

"माहेर गं, माहेर. विसरले मी..."

"गप रवा तुमी!"

चकती टीपॉयवर मुकी पडून होती. काकूंनी ती डाव्या हाताच्या बोटांनी, बशीतला किडका काजूगर बाजूला सारावा तशी, कडेपर्यंत सरकवली. पुन्हा म्हणाल्या, "माझी पोटात." आणि छातीवरचा हात तिथेच दाबून धरला.

काका त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडून रडणे आणि हसणे यांच्या मधले काहीतरी बाहेर पडले. "अशीच," ते शार्दूलला म्हणाले. "अरे, ही अशीच बोलायची. मालवणीत. 'गप रवा,' 'सरका,' 'तुमका काय कळताहा.' कारखान्यातल्या बाया घाबरायच्या हिला."

"मग चकती असं का बोलत नव्हती, काका?"

काका सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, "ते कंपनीचे लोक. बंगळूरहून फोन. विचारायचे, बाई कशा बोलतात, रागावल्या की काय म्हणतात, दमल्यावर काय म्हणतात. आता परक्या माणसांना काय सांगायचं, बायको मला धांदरट म्हणते म्हणून? मी आपलं शुद्ध भाषेत सांगितलं. सगळं नीट, चारचौघांत शोभेलसं." ते थांबले. "तिकडे त्यांनी ते खरंच धरलं."

तेव्हा शार्दूलच्या ध्यानात आले. समंजस, शुद्ध, कधीही न रागावणारा तो आवाज नॉर्वेचा नव्हता, आणि काकूंचाही फार थोडा होता. तो विश्रामकाकांचा होता. पाहुण्यांसमोर घराची अब्रू झाकणारा, ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना लक्ष द्यायला सांगणारा त्यांचा सौजन्याचा आवाज. आणि त्या सौजन्याच्या मागे, भिंतीपलीकडे कोंडलेली ही बाई चकती कधी पिठात पुरून, कधी तांदळात पुरून एकच गोष्ट सांगत होती.

"शार्दूल," मॅडम सावधपणे म्हणाल्या, "कायद्याने बघ. मान दोनदा नाही म्हणाली. उरला उखाणा. अनिर्णीत लिहिलंस तरी कुणी बोट ठेवणार नाही. त्या आवाजाशिवाय त्यांचं कसं होईल, त्याचाही विचार कर. आणि तुझंही."

तुझंही. म्हणजे मॅडमना कळले होते.

दर संध्याकाळच्या त्या पायऱ्या शार्दूलला दिसत होत्या. एका वाक्याने तो हे सारे राखू शकत होता. आणि ते वाक्य खोटेही ठरले नसते. फक्त ते काकूंचे नसते.

"पाठ केलेलं माणूस पाठ केल्यासारखंच म्हणतो, मॅडम," तो म्हणाला. त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. "ते यमकाकडे ओढलं जातं. 'बाहेर' म्हटलं की जीभ आपोआप 'माहेर'कडे जाते. काका पुढचा शब्द सांगत होते, तरी त्या तिकडे गेल्या नाहीत. त्यांनी यमक मोडलं. एकदा नाही, तीनदा. जे मोडायला इच्छा लागते, ते पाठांतर नसतं." त्याने शेऱ्याची रिकामी जागा समोर घेतली. "आपलं आतलं आतच राहावं, असं त्या सांगतायत. मी नकार नोंदवतो."

मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "सापडला की रे मधला माणूस." त्यांच्या सुरात या वेळी थट्टा नव्हती. "नोंदव. मी सही करते."

काकांनी विचारले, "म्हणजे आता ही... बोलणार नाही?"

"बोलतील," शार्दूल म्हणाला. "सावंतवाडीला वाचा-उपचार आहेत. चकती होती म्हणून काकूंना प्रयत्न करायची गरज पडत नव्हती. शब्द येतील, काका. थोडे येतील. पण त्यांचेच येतील."

काकांनी मान डोलावली. त्यांना ते पटले की नाही, सांगता आले नसते. त्यांनी बशीतले काजूगर उचलले आणि एकेक करून काकूंच्या डाव्या हातात देऊ लागले. काकूंनी त्यातला एक परत केला. तो थोडा करपलेला होता.

नकारानंतरचे कामही शार्दूललाच करायचे होते. परदेशी गेलेली प्रत पुसून टाकण्याचा आदेश त्याने दुपारी नाक्यावरून धाडला. खिडकीबाहेर केबल नेहमीसारखी वाळूत शिरलेली होती. आदेश त्याच केबलने गेला, समुद्राच्या अंधाऱ्या तळावरून, अर्धे जग ओलांडून, बर्फाच्या पाण्याने गार ठेवलेल्या त्या घरापर्यंत. आणि थोड्याच वेळात उत्तर आले, प्रत नष्ट केली. एका शब्दाचाही आवाज झाला नाही. 'सावकाश जा हं' हे त्या आवाजाचे शेवटचे वाक्य होते, हे शार्दूलला आठवले. तो खूप वेळ पडद्यासमोर बसून राहिला. जे कधी कुणाचे नव्हतेच, त्याच्यासाठी शोक करता येतो का, हे त्याला ठाऊक नव्हते. पण तो करीत होता.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ओसरीवर काकू खुर्चीत होत्या. काका आत भांडी लावीत होते. शार्दूल नेहमीच्या जागी क्षणभर थांबला. कुणी काही विचारले नाही. विचारले जाणार नव्हते, हे माहीत असूनही तो थांबला होता, याचे त्याला वाईट वाटले. मान खाली घालून तो पायऱ्यांकडे वळला.

मागून ताटावर चमचा आपटल्याचा आवाज आला.

तो वळला. काकू त्याच्याकडे पाहत होत्या; तीच नजर, चेहऱ्यावरून पोटाकडे आणि पोटाकडून पुन्हा चेहऱ्याकडे. आज तिच्यावर कुणाचा आवाज पांघरलेला नव्हता, म्हणून ती पहिल्यांदाच स्पष्ट वाचता आली. या बाईने त्याच्या 'जेवलो'वर एकाही दिवशी विश्वास ठेवला नव्हता.

काकूंचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. त्याने वाट पाहिली. वाट पाहणे त्याला येत होते.

"माजर," त्या म्हणाल्या.

आतून काकांच्या हसण्याचा आवाज आला. "तुला म्हणतेय रे! मांजर! आडनाव केव्हापासून तिच्या डोक्यात असणार. ती चकती तिला बोलू देत नव्हती!"

"माजर," काकूंनी पुन्हा म्हटले, आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. मग चमच्याने समोरच्या रिकाम्या पाटाकडे दाखवत, एकेक अक्षर दगडासारखे उचलून ठेवत, त्यांनी पुढचा शब्द काढला. तो प्रश्न नव्हता.

"भात."

शार्दूलने पायरीवरचा पाय मागे घेतला, चपला काढल्या आणि पाटावर येऊन बसला.